पॅकिंगला जाणाऱ्या बाई

डोंबिवलीत एका शास्त्रज्ञ बाईवरच्या कादंबरीचं प्रकाशन होतं. स्त्रीमुक्तीवर तीन वक्ते बोलले, तिघेही पुरुष. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या पन्नाशीच्या बाई पुस्तकात पेन्सिलीने खुणा करत होत्या.

"नायिका ॲसिडात पाणी ओततेय. तोंड भाजेल हो तिचं!"

"तुम्ही शिकवता का?" मी विचारलं.

"छे. मानपाड्याला केमिकल कंपनीची लॅब सांभाळते, वीस वर्षं." मग हळूच म्हणाल्या, "घरी सांगितलंय, मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. आमचे हे बारावीवर थांबले ना. लॅबमधून निघताना हातांना गरम मसाला चोळते."

कार्यक्रम संपल्यावर त्या सहीच्या रांगेत उभ्या राहिल्या. लेखकाने नाव विचारलं.

"नाव नको. शेजारणीचं पुस्तक म्हणून घरी ठेवायचंय."