अंगण पांढरं झालं तेव्हा

आखाती युद्धाच्या त्या हिवाळ्यात सौदीतल्या हफ्र अल बातिनला मी सदा भेदरलेली असायचे. मुळातच मी भित्री, पालीलाही घाबरते. त्यात नवरा सरकारी इस्पितळात डॉक्टर; एकदा ड्यूटीवर गेला की कधी परतेल याचा नेम नाही. घरात मी आणि लहानगी लेक. इस्पितळातून गॅसचे दोन मुखवटे मिळाले होते. एक तो बरोबर नेई, दुसरा माझ्यासाठी. लेकीच्या मापाचा नव्हताच. माझा घालून बघितला तर तिच्या गळ्यात उतरला. तिला उघडं ठेवून मी तो घालून काय करणार होते? मग मागच्या खोलीच्या साऱ्या फटी मी चिकटपट्टीने बुजवून टाकल्या. तेवढाच काय तो आधार.

शेजारी रत्नागिरीकडची एक बाई राहायची; लेक तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, म्हणून मीही. तिच्या नवऱ्याचं बाजारात कापडाचं दुकान. त्यांच्याकडे मुखवटा एकही नव्हता. तरी ती भिंतीवरून गरम घावन द्यायची आणि वर मलाच चिडवायची, "घराची लोणच्याची बरणी केलीस गो! मुरशील आत." इथे माझा जीव टांगणीला लागलेला आणि हिला थट्टा सुचते, म्हणून मी मनातल्या मनात चरफडायचे. घावन मात्र ठेवून घ्यायचे.

एका गारठलेल्या दुपारी भोंगा वाजला. लेकीला उचलून मी खोलीत शिरले, दाराला पट्ट्या लावल्या, खाली ओला टॉवेल कोंबला. थोड्याच वेळात पत्र्यावर ताडताड काहीतरी पडू लागलं. मग एकदम थांबलं. लेक खिडकीच्या प्लॅस्टिकला नाक लावून म्हणाली, "आई, एव्हरीथिंग इज व्हाइट!"

खरंच अंगण पांढरंफटक पडलं होतं. विषारी गॅस, विषारी भुकटी, काय काय ऐकलं होतं आम्ही! ओल्या ओढणीने मी लेकीचं तोंड झाकलं आणि तिला पोटाशी धरून बसले.

तेवढ्यात खोलीच्या अंगणाकडच्या दारावर थाप पडली. खालाचा आवाज.

"उघडू नको गो! नुसती ओ दे. पोर बरी हाय ना?"

मी ओ देण्याआधी लेकच ओढणीतून ओरडली, "हां खाला, हम ठीक हैं!"

बाहेर ती पायरीवर टेकल्याचा आवाज आला. मग खाला खदाखदा हसू लागली.

"अगो, गारा हायेत! ये बघायला!"

"कशावरून?" मी आतूनच विचारलं.

"खाऊन बघितली ना!"

मी पट्ट्या ओरबाडून दार उघडलं. डोक्यावरून भिजवलेली गोधडी घेऊन खाला पायरीवर बसली होती, कुडकुडत आणि हसत. लेकीने ओंजळभर गारा माझ्या पाठीत टाकल्या. मीही हसले, कितीतरी दिवसांनी.

मग चहा केला. कप हातात देताना मी म्हटलं, "गारा आहेत हे कळलं, म्हणून आलीस ना?"

"नाय गो. मला वाटला जहरच पडला. तू भित्री, एकटी पोरीला घेऊन काय करशील? पायरीवर बसले तवा हाताला थंड लागला."

"मग एवढी हसत का होतीस?"

"मेले नाय म्हणून," ती म्हणाली.