आईच्या उंचीचं बेसिन

आई आमच्याकडं मुकुंदवाडीत आली ती खुबा मोडल्यावर. करमाडच्या घरी एकटीच असायची. अंगणात पडली ती रात्रभर तिथंच. सकाळी शेजारीण आली तेव्हा कुठं पत्ता लागला. ऑपरेशन झालं, वॉकर धरून चालायला लागली, आणि तिनं एकच धोशा लावला, "मला घरी सोड."

कारण काय, तर बेसिन. आमचं बेसिन जुनं, उंच, खाली प्लायवुडचं फुगलेलं कपाट. दोन्ही हात वॉकरला, मग बाईनं चूळ भरायची कशी? मी पाठीमागून धरायची, तोंडही मीच धुवायची. एकदा तिची मिश्री माझ्या हातावर ओघळली, तर म्हातारी अशी भडकली! "लेकीच्या हातानं तोंड धुवायचं, ह्यापरीस मसणात गेलेली बरी."

म्हटलं, ठीक आहे. बेसिनच खाली आणते, खुर्चीत बसून धू तुझं तू. मग तर राहशील? ती वॉकर सरकवत आत गेली. मी त्याला हो धरलं.

सुतार, प्लंबर बोलवायची ऐपत नव्हती. दवाखान्यात होतं नव्हतं ते गेलं होतं. मग आम्हीच कपाटाची दारं काढली, गुडघे आत जावेत म्हणून मधली फळी काढली, खालून वीतभर कापलं. कुजलेल्या कडांना मोडक्या शोकेसचा सनमायका चिकटवला, वरून उरलेला ऑइलपेंट. करवत नवऱ्याच्या हातात आणि तोंड माझं चालू. बाहेरून आई पदर सावरत ओरडायची, "जावयाला माझ्यापायी राबवतीस व्हय गं? काही लाज?"

बेसिन उचलायच्या दिवशी नवऱ्यानं सकाळीच बेसिनच्या पाइपाचा कॉक बंद केला होता. तो मी येता-जाता उघडला. मुद्दाम नाही हो! आमच्या गल्लीत पाणी कधी येईल नेम नाही, म्हणून नळ उघडाच ठेवायचा. सूं सूं वाजला की अख्खं घर धावतं. हाताला तीच सवय.

नवऱ्यानं नळ सोडवला, बेसिन छातीशी धरून उचललं, आणि पाइप सूं सूं करायला लागला. पाण्याची धार सरळ त्याच्या तोंडावर. "कॉक! अगं कॉक!" बेसिन सुटलं असतं तर दुसरं आणायचं कुठून? घाईत मी कॉक उलटाच फिरवून घट्ट आवळून बसवला होता, आता पाना लावूनही हलेना. गल्लीत "पाणी आलं, पाणी आलं" सुरू झालेलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आगं, पाणी वाया चाललंय की!" बघते तर आई. वॉकर नाही. एक हात चौकटीला, दुसऱ्यात बादली, आणि पाऊल ओल्या फरशीवर.

"आई, हलू नको! तुला शप्पथ आहे माझी!" ओरडताना माझा आवाज फाटला. धरायला जावं तर कॉक सुटतो, नवऱ्याचे हात अडकलेले. ती तशीच, पाय जरा जरा सरकवत पुढं आली आणि बादली धारेखाली लावली. मी जीव खाऊन पाना दाबला. कॉक फिरला एकदाचा. पाना टाकून मी आधी आईला धरलं.

संध्याकाळी बेसिन बसलं. आई खुर्चीत बसली, आम्हाला बाहेर काढलं, दार लावून घेतलं. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग तोंड पुसत बाहेर आली.

"झ्याक झालंय. आसंच करमाडला करून द्या. आता कुणी धरायला लागत नाय मला. रविवारी सोड."

"आई! तू राहणार होतीस ना?"

"मी कवा म्हणले?"

"आणि पुन्हा पडलीस तर? रात्री?"

"पडंल तर पडंल. माझं घर हाय ते."

खुबा मोडल्यापासून ती माझ्यावर भडकली तरी त्यात एक लाचारी असायची. हा आवाज पहिल्यासारखा, खणखणीत होता. तो ऐकून मला इतका आनंद झाला की मी तिथंच रडायला लागले, आणि सोडते म्हणाले.