अनघाचा दुसरा नकाशा

"काकू, तुमचं जेवणाचं टेबल मला पाच वर्षांसाठी हवंय," अनघा आमच्या दारात उभी राहून म्हणाली. वाटीभर साखर मागावी तितक्या सहज. तेव्हा तिला जेमतेम अठरावं लागलं होतं. मी विचारलं, पाचच का गं? तर म्हणाली, चार वर्षं शहर-नियोजनाची पहिली पदवी, आणि तिला जोडूनच पाचव्या वर्षी दुसरी, वरची. एकदा शिरलं की दोन्ही घेऊनच बाहेर पडायचं.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरांत आम्ही समोरासमोर राहायचो. तिचे बाबा, देसाई भाऊजी, मूळचे कोल्हापूरचे, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्यांच्या दोन खोल्यांत तिचे चादरीएवढाले कागद मावेनात. आमचे हे म्हणाले, देऊन टाक टेबल, आपण पाटावर बसूनच मोठे झालोय. बसलो मग आम्ही जमिनीवर.

मी नववीपर्यंत शिकलेली. पण तिच्याशेजारी बसून भाजी निवडता निवडता मला नकाशा वाचता यायला लागला. घरं पिवळी, बागा हिरव्या, पाणी निळं. हळूहळू रंग भरायचं काम माझ्याकडेच आलं. रेघेबाहेर गेलं की म्हणायची, "काकू, तुम्ही आत्ता एका माणसाच्या घरात शिरलात." हसून म्हणायची, पण पुसून परत करायला लावायची.

चौथ्या वर्षी तिला गुडगावकडचं एक गाव मिळालं. तेव्हा तिकडची शेतं धडाधड विकली जात होती, रोज नव्या कॉलनीची पाटी. भर मे महिन्यात ती मोजायची फीत घेऊन गावभर हिंडली, उन्हानं काळवंडून आली. नकाशात गावाच्या कडेला एक मोठा खोलगट तुकडा होता. मी विचारलं, इथं कुठला रंग? म्हणाली, "काही नाही तिथं, पोरं क्रिकेट खेळतात. कोरंच राहू दे." राहू दिलं. त्या कोऱ्या जागेवर तिनं शाळा आणि घरं सुचवली. नकाशाला पहिला नंबर मिळाला, कॉलेजच्या व्हरांड्यात लागला, आणि तिथली कॉलनी बांधणाऱ्या एका बिल्डरची माणसं त्याची प्रत घेऊन गेली. भाऊजींनी अख्ख्या ब्लॉकला पेढे वाटले.

पाचव्या वर्षी, भाद्रपदात, प्रदर्शनासाठी त्या जागेचा फोटो हवा होता. मीही हट्टानं बरोबर गेले. रंगवलेलं गाव डोळ्यांनी बघायचं होतं मला. बसमधून उतरून चालत गेलो, तर तिथं पाणी. कडेपर्यंत भरलेलं तळं, आत म्हशी डुंबतायत, बायका घागरी भरतायत. आणि काठाला बिल्डरनं ठोकलेल्या खुंट्या. अनघानं नकाशा उघडून ताडून पाहिला: तोच कोरा तुकडा. एका म्हातारीला मीच माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, हिनं मोजलं तेव्हा इथं पाणी नव्हतं, ते कसं? ती म्हणाली, "जेठ में आई होगी छोरी। जेठ में जोहड़ थोड़े ही दिखै।" जेठात आली असेल पोरगी, जेठात तळं थोडंच दिसतं, एवढंच; त्यात टोमणा नव्हता. म्हशीला हाक मारून ती पुढं गेली.

घरी आल्यावर म्हणाली, या वर्षासाठी निवडलेला करोल बागच्या रस्त्यांवरचा प्रबंध मी सोडते. या तळ्यावर करणार, वर्षभर, प्रत्येक ऋतूत मोजून.

तिचे सर म्हणाले, वेडेपणा करू नकोस, आधी पदवी पदरात पाड. एक वर्ष मागं पडायचं, त्यात भाऊजी फेब्रुवारीत निवृत्त होणार, चार महिन्यांत क्वार्टर सोडायचं. दोन्ही पदव्या हातात घेतलेल्या मुलीसोबत फोटो काढून मगच दिल्ली सोडायची, एवढी एकच हौस होती त्या माणसाला. आमच्याच घरात बापलेकीचं वाजलं.

"दिल्लीत बुजवलेल्या प्रत्येक तळ्याला तूच जबाबदार आहेस का गं?" भाऊजी म्हणाले.

"नाही बाबा. ह्या एकाला."

जूनमध्ये भाऊजींचं सामान ट्रकमध्ये चढलं. वहिनी, म्हणजे अनघाची आई, रडल्या, भाऊजी लेकीकडे न बघता गाडीत बसले. अनघा माझ्याकडे राहिली. वर्षभरात दर महिन्याला ती तळ्याच्या गावी जायची, काठी बुडवून पाणी मोजायची, म्हातारीच्या ओसरीवर ताक पिऊन यायची. बिल्डरच्या ऑफिसात चार वेळा गेली. पाचव्या वेळी दारवानानं आत सोडलं नाही.

तळं वाचलं असं लिहायला मला किती आवडलं असतं. अर्ध्याहून जास्त बुजवलं गेलं. आजही पावसाळ्यात तिथल्या नव्या घरांत गुडघाभर पाणी शिरतं, असं ऐकते.

परीक्षकांपुढं तिनं दोन्ही नकाशे शेजारी लावले. नातेवाइकांना मागं बसायची परवानगी होती, म्हणून मी गेले होते. तिनं इंग्रजीत सांगितलं, पण एवढं मलाही कळलं: डावीकडचा नकाशा चुकीचा आहे, आणि तो मी केलेला आहे. एका परीक्षकांनी चष्मा काढला. मी मागं वळून पाहिलं, तर दाराशी भाऊजी उभे. न कळवता कोल्हापूरहून आलेले, हातात पिशवी. लेकीला दिसायच्या आत ते बाहेर पडले.

संध्याकाळी ती यायच्या आधी ते आमच्याकडे आले. मी चहा ठेवला. "वहिनी," ते म्हणाले, "चौतीस वर्षं फायली हलवल्या. एकदाही कुठल्या कागदावर 'ही माझी चूक' असं लिहायची माझी हिंमत झाली नाही. आज पोरगी भरल्या हॉलमध्ये बोलली." मग उठता उठता म्हणाले, हे तिला सांगू नका, मीच सांगेन सवडीनं. मी शब्द दिला.

त्यांनी सांगितलं नाही. स्वभावच नव्हता तो. पदवी मिळाली, बेताच्या मार्कांनी. बापलेक बोलायला लागले, पण पाऊसपाण्याचं, तब्येतीचं. अनघा विदर्भातल्या एका नगरपालिकेत रुजू झाली आणि तिथंच राहिली. भाऊजी गेल्यावर एकदा फोनवर म्हणाली, "काकू, बाबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही, नाही का?" शब्द दिलेला होता, म्हणून मी विषय बदलला. मनात म्हटलं, भाऊजींचं ते बोलणं भेटल्यावर सांगू, समोर बसवून.

मागच्या पौषात ती गेली. पंधरा दिवसांचा ताप. माझं तिच्याकडे जाणं झालंच नाही.