न लिहिलेल्या तीन वेळा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बटन दाबणं. भिंतीवरचं, विजेचं, जुनं काळं बटन. बायको दाबायची, मी वहीत खूण करायचो. दुपारी जेवून बसलो ते उन्हं उतरेपर्यंत. शंभरदा बंद, शंभरदा चालू. शेजाऱ्यानं डोकावलं असतं तर म्हाताऱ्या-म्हातारीचं डोकं फिरलं म्हणाला असता. मलाही तसंच वाटत होतं.

काम पोरीनं लावलेलं. पोरगी आमची एकच. नांदेडला इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि दोन वर्षांपासून इथं कुरुंद्याला घरात बसून काम करते. घरात बसून नोकरी असते हे मला अजून पुरतं पटलेलं नाही. पहिले सहा महिने तर मी तिची नोकरी सुटली असंच धरून चाललो होतो. साहेब कोण, कुठं बसतो, विचारलं की म्हणायची, "साहेबाचं काय काम अप्पा, चिठ्ठ्या येतात की." चिठ्ठीवर माझा भरवसा नाही. मी वसमतच्या मोंढ्यात मापाडी होतो. सारी उमर हळदीची पोती काट्यावर घालण्यात गेली. काट्याजवळ उभं राहणाऱ्याला सगळ्यांचाच संशय येतो, आणि बहुतेक वेळा तो खरा निघतो.

तिचं काम काय ते तिनं मला तीन-चारदा समजावलं. संगणकावर आपण बघतो ती चित्रं, अक्षरं वरची. त्यांच्या खाली एक कारभारी बसलेला असतो, त्याला कर्नेल म्हणतात. कोणाचं काम आधी, कोणाला किती जागा, कोणी थांबायचं, ते तो ठरवतो.

मी म्हणलं, "म्हणजे कालव्यावरचा पाटकरी. कोणाच्या वावरात किती येळ पाणी सोडायचं ते त्याच्या हातात."

"बराबर!" पोरगी खूश झाली.

"मग खात असंल तो."

बायको हसली. "अवो, सगळ्या दुनियेला एकाच काट्यावर नका घालू."

या कर्नेलमध्ये जगभरची माणसं नव्या सोयी घालतात आणि बिघाड काढतात, असं पोरगी सांगायची. ते कुलूपबंद नाही, कोणीही वाचावं. बदल करायचा तर चिठ्ठी लिहून सगळ्यांपुढं टाकायची. मग कधी न भेटलेली माणसं ती वाचतात, चुका काढतात, परत लिही म्हणतात. तिचं एक काम सातदा परत आलं. आठव्यांदा लिहायला बसली तेव्हा मी विचारलं, "ज्याचं तोंड बघितलं न्हाई त्याचं काहून ऐकून राहिली तू?" तर म्हणे तो बरोबर सांगतो. आणि वर त्याला धन्यवाद लिहिलं. मला त्यात काहीतरी काळंबेरं दिसलं.

आता बटनाचं सांगतो. तळहाताएवढी एक हिरवी पट्टी, म्हणजे बिनपेटीचा छोटा संगणकच, तिच्या पोटात पोरीचा कर्नेल. वीज गेली की पट्टी मरते, आली की उठते. उठताना आधीचं अर्धवट राहिलेलं काम निस्तरते. हे निस्तरणं लवकर व्हावं अशी नवी सोय पोरीनंच मागच्या साली घातली होती, आणि तिच्यातच बिघाड निघाला. कधीमधी पट्टी उठायचीच नाही. पुण्याच्या आफिसात यंत्र लावून हजारदा वीज तोडली, बिघाड काही हाती लागेना. पुण्यात वीज जाते कुठं? आमच्याकडं जाते. म्हणून ती पट्टी घरी घेऊन आली, महिनाभर बसली, आणि बिघाड दुरुस्त झाला म्हणाली. आता फक्त भिंतीवरच्या बटनानं पट्टीची वीज हातानं शंभरदा तोडून बघायची. हिरवा दिवा लागला तर उभी रेघ, नाही लागला तर फुली.

बसायच्या आधी तिनं विचारलं, "तपासणाऱ्याचं नाव चिठ्ठीच्या खाली लिहायची रीत हाय. मायचं लिहू का?"

"नाव कशाला? कशात अडकवून ठेवशील," मी म्हणलं.

"लागू द्या की," बायको म्हणाली. "सातबाऱ्यावर तर कधी लागलं न्हाई."

मी बटन ठोकणारा माणूस. ठक्क बंद, ठक्क चालू. पहिले दहा मीच केले. मग बायको म्हणाली, तुमी नुसतं लिहा. तिची बोटं हळद काढून काढून चिरलेली. ती बटन कडेनं, हळू दाबायची. ते मध्येच अडकायचं, चर्र करायचं. पट्टीवरची वीज जायची, क्षणभर यायची, परत जायची. असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा पट्टी उठली नाही.

"मेली," ती म्हणाली. "फुली मारा."

"कशाची फुली? नीट दाब. तुझ्या हातानं बिघडून राहिली ती."

"माझा हातच बरा सापडला तुमाला! आपल्याकडची वीज काय तुमच्यावानी ठक्क जाते का? ती बी अशीच, येत-जात मरते."

"तुला काय कळतं त्यातलं."

"न्हाई कळत. फुली मारा."

मी मारली नाही. पोतं काट्यावर तिरपं पडलं तर ते वजन मापाडी लिहीत नाही. पोतं उचलतो, नीट ठेवतो आणि मग दिसेल ते लिहितो. तीच सवय. तिन्ही वेळा तिच्याकडून परत नीट दाबून घेतलं, दिवा लागला तशा तीन उभ्या रेघा ओढल्या. तिसऱ्या वेळीही ती फुली मारा म्हणाली आणि माझ्याकडं न बघता परत दाबलं. संध्याकाळी ती शेजारी पापड लाटायला गेली तेव्हा मी पोरीपुढं वही टाकली. "शंभर झाले. एक बी फुली न्हाई." पोरीनं बायकोचं नाव घालून चिठ्ठी पाठवून दिली.

त्या रात्री आम्ही नवरा-बायको नीट बोललो नाही. सकाळी बायको चहाला बसली, पाठीत कळ आली म्हणाली, आणि वसमतच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेली. त्यापुढचं मी लिहीत नाही.

बायकोच्या नावानं वंदना, पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गेले. पोरगी पुन्हा कामाला लागली, मला काम नव्हतं. मी दारात बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर संशय घ्यायचो. भाकरी आणून देणारी शेजारीण सुद्धा मला काहीतरी काढून घ्यायला आली असं वाटायचं. माणूस गेल्यावर घरात जे उरतं त्याचं काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

महिना-सव्वा महिना झाला असेल. एका दुपारी पोरगी संगणकापुढं गप्प बसलेली दिसली.

"काय झालं?"

"एकानं लिहिलंय. त्याच्याकडं तसली पट्टी अजून कधीमधी उठत न्हाई."

"कोण हाय तो?"

"बाहेरच्या देशातला. मी बघितलेला न्हाई."

"मग जळतो तो. तुझं काम पास झालं ते बघवंना."

"अप्पा, त्याला माझ्यावर जळून काय भेटणार? तो चांगलं विचारतोय. म्हणतो, ज्यांनी शंभरदा तपासलं त्यांनी नेमकं कसं तपासलं ते विचारून सांगा." तिनं डोळे पुसले. "आता कोणाला विचारू? मी लिहिते, माझ्या मायनं तपासलंय, तिच्या हातून चूक होत नसती. बिघाड तुझ्याच यंत्रात असंल."

मला वाटलं त्या माणसाला सगळं ठाऊक आहे. हजारो कोसांवर बसून त्यानं माझी वही वाचली. मी चप्पल घालून वावरात गेलो. त्याला शिव्या घातल्या. पोरीला घातल्या, नाव लावायची रीत काढणाऱ्याला घातल्या. पण बांधावर बसल्यावर एकच दिसत होतं. खोटं मी बोललो आणि त्याच्या खाली नाव होतं तिचं. उद्या जगभरची माणसं म्हणणार, त्या बाईनं खोटं तपासलं. आणि पोरगी तिच्या बाजूनं भांडणार, भांडून तोंडावर पडणार. माझ्या बायकोचं नाव आयुष्यात एका कागदावर लागलं, ते असं.

परत आलो. पोरगी लिहीतच होती.

"लिहू नको," मी म्हणलं. "तीनदा मेली होती पट्टी. मायनं फुली मार म्हणलं. मी मारली न्हाई."

तिला आधी कळलंच नाही. मग उठून उभी राहिली. "तीनदा?"

"तीनदा."

"आणि तुमी मला एक बी न्हाई म्हणलात!"

"तिचा हात तिरपा पडला असं वाटलं."

"तुमाला वाटलं!" एवढी मोठ्यानं ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. "सगळ्या जगाचा संशय येतो तुमाला. सोताचा कधी आला का?"

मग पट्टी बटनाला जोडत ती म्हणाली, "कसं दाबायची माय? करून दाखवा."

मी बटनाच्या कडेला बोट ठेवून हळू दाबलं. माझ्या हाताला ते जमेना, ठक्कच व्हायचं. पंधरा-वीस वेळा केलं तेव्हा कुठं चर्र झालं. वीज गेली, आली, गेली. मग मी बटन चालू केलं. पट्टी उठली नाही.

पोरगी खाली बसली. "एकदा मेल्यावर उठायचं मी शिकवलं तिला," ती म्हणाली. "उठता उठता परत मेली तर काय, ते शिकवलंच न्हाई. आमचं पुण्यातलं यंत्र वीज एका झटक्यात, सफाईनं तोडायचं. मायला सापडलं होतं, अप्पा. त्याच दिवशी सापडलं होतं."

चार दिवस तिला जेवणाचीही शुद्ध नव्हती. निस्तरायचं काम आधी कागदावर मांडायचं, मग एकेक पायरी पुरी झाली की खूण ठेवायची, म्हणजे मध्ये कितीदा वीज गेली तरी तिथून पुढं चालता येतं, असं काहीतरी तिनं केलं. पाचव्या दिवशी आम्ही बटन धरलं. आता मी बायकोसारखं कडेनं, हळू दाबायचो आणि वही पोरीकडं. तिनं मला वहीला हात लावू दिला नाही. दोन दिवसांत दोनशे वेळा झालं, हिरवा दिवा दरवेळी लागला.

मग चिठ्ठी लिहायला बसली. बिघाड ज्याला सापडला त्याचं नाव लिहायची एक वेगळी ओळ असते. तिथं तिनं मायचं नाव घातलं.

"मेलेल्या माणसाचं नाव चालतं का? उद्या कोणी हरकत घेतली तर?"

"सापडलं तेव्हा जिती होती."

"आणि आधीच्या चिठ्ठीतलं खोटं? तिथलं नाव काढ तिचं."

"निघत न्हाई. एकदा आत गेलेलं तसंच राहतं. चुकलं असंल तर नव्या चिठ्ठीत सांगायचं. मी लिहिलंय, तपासताना चूक झाली."

"कोणाची?"

ती पुढची ओळ लिहायला लागली.

"नुसतं चूक झाली म्हणलं तर लोक तिचीच समजतील. माझी लिही. मी सांगतो तसं लिही. बायकोनं तीनदा सांगितलं. नवऱ्यानं ऐकलं न्हाई. त्यानं वहीत खोटं मांडलं."

"अप्पा, असं कोणी लिहीत नसतं तिथं."

"मग पयलं आपलं."

तिनं इंग्रजीत लिहिलं. मला काय कळणार. मी म्हणलं, "पाठवू नको अजून. आधी मला कागदावर उतरवून दे."

"माझ्यावर भरवसा न्हाई का?"

"न्हाई."

"मायवर तरी होता का?"

तिनं वहीचं पान फाडलं, चिठ्ठी त्यावर उतरवली आणि माझ्यापुढं सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं आणि पान खिशात घालून गल्लीच्या टोकाला गेलो. तिथं हायस्कूलचे जुने इंग्रजीचे मास्तर राहतात. त्यांनी चष्मा लावला, एकदा मनात वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"हे तुम्ही लिहायला सांगितलं?"

"वाचा तर आधी."

वाचलं. ओळीओळीचं मराठी करून सांगितलं, कर्नेलचं कर्नेल, पट्टीचं पट्टी. बायकोचं नाव. बायकोनं तीन वेळा सांगितलं, हे होतं. पुढं होतं, "माझ्या वडिलांचं वय झालं आहे आणि त्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्या तीन वेळा नोंदवायच्या राहून गेल्या."

मला वाटलंच होतं. काहीतरी घातलं असणार पोरीनं.

"मास्तर, ते समोरच्या दुकानावर काय लिहिलंय? सांगू का? मला बारीक अक्षर बी दिसतं."

"लेकीची माया असते हो. राहू द्या की."

"माया तिनं माझ्यावर केली. मग मायचं काय?" मी म्हणलं. "पेन काढा. तेवढं खोडा. आणि वर लिहा, त्याला दिसत होतं. त्यानं लिहिलं न्हाई."

मास्तरांनी खोडलं आणि वर बारीक इंग्रजीत लिहिलं. पान माझ्याकडं दिलं. ते लिहिताना मध्येच जरा थांबले होते, ते माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यांची सून चहा घेऊन बाहेर आली. ती कॉलेज शिकलेली आहे. मी पान तिच्या हातात दिलं.

"बाई, हे वरचं वाच जरा. मोठ्यानं. आणि मग मराठीत सांग."

मास्तर हसले. तिनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग वाचलं. "त्यांना दिसत होतं. त्यांनी लिहिलं नाही."

"अजून काही हाय का त्यात? जास्तीचं?"

"नाही, एवढंच आहे."

मी पान घडी करून खिशात घातलं, चहा घेतला आणि घरी गेलो.