बंद मुठीतलं बटण

माझे दाजी फोटोग्राफर आहेत आणि माझी ताई गेली एकोणीस वर्षं त्यांच्यासमोर त्याच एका स्टुलावर बसते. मी त्या फोटोंना फ्रेमा करतो.

प्रत्येक फोटोत ताई थेट समोर बघते आणि तिची उजवी मूठ बंद असते. त्या मुठीवर लोकांनी रकानेच्या रकाने लिहिले. कोणी म्हणालं दाबलेला राग, कोणी म्हणालं बाईच्या जातीचं गुपित. दाजी नुसती मान डोलवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं तर मुठीत कॅमेऱ्याचं बटण असायचं. दाजींना दुसऱ्याने दिवा धरलेला खपत नाही. दिवा ते स्वतःच दोन्ही हातांनी धरणार, मग बटण दाबायला तिसरा हात कुठून आणणार? म्हणून लांब वायरचं बटण ताईकडे. दाजींनी "हं" म्हटलं की तिने दाबायचं, असं ठरलेलं. ती कायम "हं"च्या आधीच दाबायची. "तुझ्या ताईला वेळकाळ कळत नाही," असं दाजी हसत सांगायचे आणि नेमके तेच फोटो निवडायचे. वर म्हणायचे, "बघ, कशी बघते माझ्याकडे."

आता त्यांचं मोठं प्रदर्शन आहे. हॉलवाली मुलगी फोटो बघायला घरी आली, तिला ती वायर दिसली आणि तिने सहज विचारलं, "मग फोटो काढतं कोण?"

दाजी वायर गुंडाळायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. फ्रेमांखालच्या पितळी पट्ट्यांवर मी त्यांचं नाव कोरायला घेणारच होतो.

"थांब जरा," ते म्हणाले. "दिवा माझा, जागा माझी. बरोबर?"

"बरोबर."

"चेहरा तिचा. पण तो क्षण कोणाचा?"

"दाजी, मला लाकडाचं काही विचारा."

वरवर हसलो, पण मला माझाच राग आला होता. सख्खी बहीण, एकोणीस वर्षं तिला काचेखाली घालतोय, आणि अक्कल त्या मुलीने शिकवावी.

रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दिवा स्टँडवर होता आणि बटण दाजींच्या हातात. त्यांनी चाळीस फोटो काढले. सगळ्यांत ताई ओळखपत्रावरच्यासारखी. रिकाम्या हाताचं काय करावं हेच तिला कळेना.

"तू कधी दाबायचीस गं?" दाजींनी शेवटी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तुम्ही दिवा सरकवायला पाठ फिरवायचात ना, तेव्हा."

"म्हणजे ते बघणं माझ्याकडे नव्हतं?"

"तुमच्याकडेच की. पाठीकडे. तुम्ही वळलात की माझा चेहरा तुम्हाला हवा तसा व्हायचा. मग मला दाबावंसं वाटायचं नाही."

दाजी स्वतः स्टुलावर जाऊन बसले आणि बटण मुठीत घेतलं. ताईने दिवा उचलला.

"कधी दाबू?" त्यांनी विचारलं.

"ते मी कसं सांगू?" असं म्हणून ताईने पाठ फिरवली.

दाजी तिच्या पाठीकडे बघत बसले. बटण काही वाजलं नाही.

प्रदर्शन आता तीन आठवड्यांवर आलंय आणि माझ्याकडच्या पट्ट्या कोऱ्याच आहेत. दाजींना विचारलं तर म्हणतात, ताईला विचार. ताईला विचारलं, नाव कोणाचं घालू? तर म्हणाली, "आधी त्यांना एकदा दाबू दे."