मिरजेची प्रार्थना आणि तडकलेला भोपळा

१. गेल्या आठवड्यात साताऱ्यात माझ्याकडे एक जुनी ऑडिओ टेप साफ करायला आली.
२. ती सत्तरच्या दशकात मिरजेत, सतारी बनवणाऱ्या एका घरात रेकॉर्ड झाली आहे.
३. रेकॉर्ड करणारे आयरिश लेखक तेव्हा तरुण होते. पुढे ते दिग्दर्शक झाले.
४. टेपवर एका बाईचा आवाज आहे. तिचं नाव त्यांना माहीत नाही.

आता सविस्तर. ते मिरजेला आले होते कथा लिहायला... पण हा आवाज कानात घेऊन गेले आणि कथा मागे पडल्या. आधी रेडिओ नाटक, मग रंगभूमी, मग सिनेमा.

प्रत्येक माध्यमातलं त्यांचं पहिलं काम याच आवाजाने सुरू होतं. 'मिरजेची प्रार्थना' म्हणतात ते त्याला. आता तो पहिला सिनेमा पुन्हा प्रदर्शित होतोय, म्हणून मला सूचना होती : प्रार्थना स्वच्छ ऐकू यायला हवी.

खरखर काढली, हेडफोन लावले... ती प्रार्थना नव्हती. खात्रीसाठी उंब्रजहून आलेल्या आईला ऐकवलं.

"प्रार्थना कसली गं? झापतीय की त्याला!"

बाई छान हेल काढून म्हणत होती, "आवं सायेब, उठा की! सतारीचा भोपळा हाय त्यो, बसायचा पाट न्हाई!" मग एक बारीक 'कट्'. टेपचा दोष समजून मी तो काढायला खूण करून ठेवला होता. पाठोपाठ हशा, आणि पुन्हा तीच : "तडकला! न्या आता घरला, टोपी करा त्याची!"

सांगावं की नाही, दोन दिवस ठरेना. माझं काम आवाज साफ करण्याचं... आणि त्यांची सगळी कारकीर्द या 'प्रार्थने'वर उभी. शेवटी व्हिडिओ कॉलवर शब्दशः सांगितलं.

ते उठून गेले आणि एक भोपळा घेऊन आले. कॅमेऱ्यासमोर धरला. वरपासून खालपर्यंत तडा.

"मला वाटायचं, प्रवासात तडकला. मला तो त्यांनी मानाने भेट दिला होता..." एवढं बोलले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग म्हणाले, तो 'कट्' काढू नका. पण त्या बाईंचं नाव आणि घरच्यांची परवानगी मिळाली नाही, तर आवाज सिनेमातून काढून टाका. मिळाली, तर पडद्यावर पहिलं नाव त्यांचं.

मी सहसा इथे काही मागत नाही. पण असली गोष्ट घरात विसरली जात नाही, असं आई म्हणते... आणि मलाही पटतं. मिरजेत कुणाच्या घरी भोपळ्यावर बसलेल्या गोऱ्या पाहुण्याचा किस्सा अजून सांगितला जात असेल, तर कृपया रविवारपर्यंत मला इथे कळवा.