खंडेनवमीचा नारळ

माझ्या नवऱ्याला, ज्योतीरामाला, मरेपर्यंत सगळी आकुर्डी मानूसमाऱ्या म्हनत हुती. म्हननाऱ्यांची जीभ झडो, असं मी मनात कितीदा म्हनले आसंन! तोंडानं मातर एक शबूद काढला न्हाई. आन् माझं तोंड किती वाईट हाय, ते चाळीत कुनालाबी इचारा. आज तुमाला सांगते ते पोटात ठिवा.

मालक कंपनीत मेंटेनन्सला फिटर. मशीन कुरकुरली की त्यांना लगेच कळायचं, बायको कुरकुरली तर दुसऱ्या दिवशी. कंपनीनं माळावरची झाडं तोडून शेड बांधली, तवा पेट्रोलवर चालनारी एक करवत मोडीत काढली. हे ती घरी घेऊन आले. दहा बाय दहाची आमची खोली. त्यात चूल, मी, दोन पोरी आन् ही सवत! दर ऐतवारी कागद आंथरून तिचा पसारा मांडायचे. गोल कानशीनं चेनीचा एकेक दात घासायचे, प्लगची काजळी खरवडायचे, हवेची जाळी पेट्रोलात धुऊन खिडकीत वाळत घालायचे. जाळी काढली की कार्बोरेटरचं तोंड, म्हंजे इंजनाचा घसाच, उघडं पडतं, म्हनून त्यात फडक्याचा बोळा कोंबायचे. आन् सगळं बसवलं की दोरी ओढून एकदा सुरू करून, मान वाकडी करून ऐकायचे. ऐकल्याबिगर करवत कधी कोपऱ्यात गेली न्हाई. मी म्हनायचे, "माझंबी ऐका की कवातरी असं कान लावून." नुसतं हसायचे.

शेजारच्या खोलीतला कोंडाजी त्यांचा जोडीदार. त्याच कंपनीत हेल्पर, आन् सुट्टीच्या दिवशी ह्यांच्यासंगं करवतीवर. कुठं रावेतच्या मळ्यात वाळलेलं झाड, कुठं चिंचवडात घरावर आलेली फांदी. दोघं सायकलला करवत बांधून निघायचे ते हसत निघायचे. कोंडाजीची बायको सुभद्रा माझी जिवाची मैतरीन. करवत दोन्ही घरांची, म्हनून खंडेनवमीला तिच्या पूजेचा मान एक वर्स माझा, एक वर्स सुभद्राचा.

चौऱ्याहत्तर साली मान सुभद्राचा हुता. ह्यांनी सकाळी करवत उघडली, जाळी धुतली, बोळा कोंबला. तेवढ्यात कंपनीतल्या पूजेला बोलावनं आलं म्हनून सगळं तसंच ठिवून गेले. सुभद्रा न्हाऊनधुऊन, हिरवं लुगडं नेसून आली. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग तिला तो तेलकट बोळा दिसला. "अगं बाई, देवापुढं ही चिंधी कशाला?" म्हनली आन् काढून टाकला. नारळ फोडला, सगळं पानी करवतीवर ओतलं. "माझ्या धन्याला सांभाळ गं बाई," असं त्या करवतीला म्हनली. मी चुलीपाशी पुऱ्या तळीत हुते. सगळं बघितलं. किती भक्तीनं करती, एवढंच मनात आलं.

सांजच्याला हे आले. "बोळा कुठाय?"

"सुभद्रानं काढला, पूजेला."

फडक्यानं वरवर पुसलं, जाळी बसवली आन् दोरीला हात घातला. मी आडवी गेले. म्हनले, "अवदसा आठवली का? पुजलेलं हत्यार उद्या शिलंगण झाल्याबिगर चालवायचं न्हाई!" त्यांनी हात मागं घेतला. ती एक दोरी मी ओढू दिली आसती तर घरीच सगळं उघडं पडलं आसतं. ते पाप माझं, त्याला वाटेकरी न्हाई.

दसऱ्याला दुपारी वारं-पाऊस सुटला. गावठाणाच्या वाटेवर जुनी चिंच हुती. कोंडाजी आपट्याच्या डहाळ्या घेऊन तिथनं येत हुता, आन् चिंच मुळासकट त्याच्यावर आली. आमी धावलो तवा मानूस शुद्धीवर हुता. कमरेवर बुंधा. दहा जनांनी खांदा लावला, तर बुंधा त्याच्याच पोटाकडं सरकला. असा वरडला, की सगळ्यांनी हात काढले. कुऱ्हाड घातली, तर दर घावाला त्याला कळ. करवतच पायजे हुती. सुभद्रा चिखलात बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन.

मालक करवत घेऊन धावत आले. "आलो राव, दोन मिन्टं," म्हनले. दोरी ओढली. न्हाई. परत ओढली. न्हाई. विसेक वेळा ओढली आसंल. लोक वरडायला लागले. मग हे खाली बसले, कुनीतरी वर घोंगडी धरली, आन् ऐतवारी करायचे तसं एकेक तपासायला लागले. टाकी भरलेली, पेट्रोलात ऑइल मापात. प्लग काढून ठिणगी बघितली, निळी, चांगली. पर प्लग ओला हुता. वास घेतला. पेट्रोलाचा वास नुसता नावाला. मग त्यांनी प्लग जिभेला लावला.

मी समोरच हुते. प्लग गोड लागला हुता. नारळाचं पानी त्या उघड्या तोंडातनं इंजनाच्या पोटात गेलं हुतं, रातभर तिथंच मुरलं हुतं. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग सुभद्राकडं. ती नवऱ्याच्या तोंडावरचा पाऊस पदरानं पुसत हुती. ह्यांनी मान खाली घातली आन् कामाला लागले.

करवत उलटी केली, प्लगबिगर दोरी ओढून ओढून पानी काढलं. प्लग पुसला, बाजूला जाऊन पेटत्या आगकाडीवर तापवला, परत बसवला. पाव तासाच्या वर गेला. कोंडाजी म्हनत हुता, "गडबड करू नको रं ज्योतीराम." मग तो म्हनायचा थांबला. करवत सुरू झाली आन् दोन मिन्टांत बुंधा कापला गेला. टेम्पोत घातला तवा धुगधुगी हुती. दवाखान्याच्या दारात तीबी संपली. तिथला डॉक्टर म्हनला, जरा आधी आनलं आसतं तर कायतरी करता आलं आसतं.

सुभद्रानं तिथंच ह्यांचा सदरा धरला. "का न्हाई चालली तुमची करवत? का न्हाई चालली?"

मी तोंड उघडलं. हे माझ्याआधी बोलले.

"माझी चूक, वैनी. साफ करताना मीच नीट बसवली न्हाई."

झालं. त्या दिवसापासनं त्यांना कुनी झाड तोडायला बोलावलं न्हाई. जेवायच्या सुट्टीत त्यांच्या बाकावर कुनी बसंना. सुभद्राला कंपनीच्या क्यांटीनात काम मिळालं. ह्यांचं ताट पुढं आलं की ती हात मागं घ्यायची, दुसरीला वाढायला सांगायची. हे मुकाट घेऊन जायचे.

एकदा नळावर माझ्या थोरलीला म्हनली, "मानूसमाऱ्याची पोर, माझ्या हंड्याला शिवू नको." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! जिभेवर आलं हुतं, अगं सटवे, कुनी मारला ते सांगू का? हंडा तिथंच आदळला आन् घरी येऊन ह्यांच्यावर तुटून पडले. "तुमचं गप बसनं ठिवा तुमच्यापाशी. मी आज सांगनार म्हंजे सांगनार!"

हे चेनीला कानस मारत बसले हुते. करवत परत कधी झाडाला लागली न्हाई, पर ऐतवार एक चुकला न्हाई. म्हनले, "कस्तुरा, तिचा नवरा गेला. तो तिच्याच हातानं गेला, हेबी तिच्या पदरात टाकू? मला शिव्या देती म्हनून ती उभी हाय. देऊ दे. शिव्यांनी अंगाला भोकं पडत न्हाईत."

पडली की. बाहेरनं दिसली न्हाईत एवढंच. जेवन तुटलं, बोलनं तुटलं, मग छातीत धरायला लागलं. मागच्या साली आखाडात गेले. चाळीतली चार मानसं मातीला आली. सुभद्रा आली न्हाई.

यंदा खंडेनवमीला मी करवत काढली. रांडमुंड बाईनं पूजा करावी का न्हाई, ते कुनाला इचारायला गेले न्हाई. जाळीला हात लावला न्हाई, नुसती पुसली, झेंडू वाहिला. नारळ हातात घेतला आन् बघते तर दारात सुभद्रा. सात वर्सांनी माझ्या दारात. केस पांढरे झालेले.

"कस्तुरा," म्हनली, "खरं सांगशील? त्या वर्साची पूजा माझी हुती. तू तिथं हुतीस. माझं कायतरी चुकलं आसंल का गं? झोप न्हाई मला. वाटतं, देव माझ्यावरच कोपला आन् म्हनून करवत चालली न्हाई."

ह्या सवालाची मी सात वर्सं वाट बघितली हुती. बोळ्यापासनं प्लगपर्यंत सगळं तोंडात तयार हुतं. ह्यांच्या नावावरचा डाग आत्ता, ह्या उंबऱ्यावर धुऊन निघाला आसता. हातातला नारळ मी खाली ठिवला.

"न्हाई बाई," मी म्हनले. "तुझी पूजा चांगली झाली हुती. आमच्या ह्यांनीच करवत नीट बसवली न्हाई."

"व्हय ना?" सुभद्रा म्हनली. तिनं डोळे पुसले, आत आली आन् पाटावर बसली.